ब्रसेल्सच्या दारात कबूल केलेले हक्क

१ मे २००४ रोजी पूर्वीच्या कम्युनिस्ट गोटातले आठ देश एकाच दिवशी युरोपीय संघाचे सभासद झाले. त्याआधीच्या सात-आठ वर्षांत त्यांच्या संसदांनी अल्पसंख्याकांच्या बाजूचे कायदे ज्या घाईने केले, ती घाई पुढे कधी दिसली नाही. काही ठिकाणी तर दिलेले काढून घेण्याची सुरुवात झाली. गरज सरो, वैद्य मरो, असा हा मामला. आता युक्रेन आणि मोल्दोव्हा त्याच दारात उभे आहेत आणि पुन्हा तीच भाषा ऐकू येते आहे: अमुक भाषेच्या शाळांचे काय केलेत, तमुक कायद्यात दुरुस्ती कधी करता. म्हणून जुना हिशेब एकदा उघडून पाहायला हवा.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. बाहेरच्या दबावाने कायदा होतो, पण त्याची राखण बाहेरून होत नाही. ज्या देशात अल्पसंख्याकांच्या हातात मत होते आणि त्यांच्या मतांवाचून कोणाचे तरी सरकार अडत होते, तिथे हक्क टिकले, वाढलेसुद्धा. जिथे मतच नव्हते, किंवा असून कोणाला त्याची गरज नव्हती, तिथे कायदा कागदावरच राहिला. त्यामुळे या देशांकडून पहिली मागणी करायची होती ती नागरिकत्वाची आणि प्रतिनिधित्वाची. शाळेचे माध्यम, गावाच्या पाट्या, कचेरीतले अर्ज हे सारे त्यानंतर आपोआप भांडून मिळवता आले असते. युरोपने उलट क्रमाने सुरुवात केली, आणि त्याची किंमत सर्वांत जास्त लाटव्हियाने मोजली.

कोपनहेगनच्या बैठकीत जून १९९३ मध्ये प्रवेशाच्या अटी ठरल्या, त्यांत लोकशाही आणि कायद्याचे राज्य यांच्या जोडीला 'अल्पसंख्याकांचा आदर आणि संरक्षण' हेही घातले गेले. त्या वेळी युगोस्लाव्हिया जळत होता. तशी आग हंगेरीच्या किंवा बाल्टिक देशांच्या सीमेवर लागू नये ही खरी चिंता होती. न्यायाची कळकळ होती, पण मागच्या बाकावर. आणि ज्यांनी अट घातली त्यांचे घर तरी कुठे स्वच्छ होते? अल्पसंख्याकांविषयीच्या १९९५ च्या युरोप परिषदेच्या चौकट-करारावर फ्रान्सने आजवर सही केलेली नाही. ग्रीसने सही केली, पण तो करार मंजूर केला नाही. स्लोव्हाकियाच्या ब्रातिस्लाव्हातल्या आणि लाटव्हियाच्या रीगातल्या राष्ट्रवादी पुढाऱ्यांना हे पक्के ठाऊक होते आणि ते सभांमधून सांगत. लोकांनाही ते पटे. स्वतः न पाळलेली अट दुसऱ्याला घालणाऱ्याचे ऐकून घेतले जाते ते गरज असेपर्यंतच.

लाटव्हियाची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण तिथले बहुसंख्याकांचे भय खोटे नव्हते. १९३५ मध्ये तिथे चारातले तीन लोक लाटव्हियन होते. १९४० मध्ये सोव्हिएत फौजा आल्या. मार्च १९४९ मध्ये काही दिवसांत सुमारे ४२ हजार माणसे मालगाड्यांत भरून सायबेरियाकडे रवाना झाली. मग कारखाने आले, लष्करी तळ आले, त्यांच्यासाठी रशिया, बेलारूस, युक्रेनमधून कामगार आले. १९८९ च्या जनगणनेत लाटव्हियन ५२ टक्क्यांवर होते आणि राजधानी रीगात जेमतेम ३६ टक्के. दुकानात, रुग्णालयात, सरकारी खिडकीवर रशियन बोलावे लागे. अशा देशाला स्वातंत्र्य मिळाल्यावर तो पहिल्यांदा काय करील, हे सांगायला राज्यशास्त्राची पदवी लागत नाही.

१५ ऑक्टोबर १९९१ च्या ठरावाने १९४० पूर्वीचे नागरिक आणि त्यांचे वंशज तेवढेच नागरिक ठरले. त्यात जुने रशियन, ज्यू, पोलिश कुटुंबेही आली, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे; रेघ वंशावर नव्हे, तारखेवर मारलेली होती. पण त्या रेघेपलीकडे सुमारे सात लाख माणसे राहिली. त्यांतले कित्येक तिथेच जन्मलेले. अनेकांनी तर लाटव्हियाच्या स्वातंत्र्याच्या बाजूने मत दिले होते. त्यांना जांभळ्या रंगाचा पासपोर्ट मिळाला. त्यावर लाटव्हियाचे नाव, पण धारक 'अनागरिक'. मतदान नाही, अनेक सरकारी नोकऱ्या नाहीत. शेजारच्या एस्टोनियानेही रेघ तारखेवरच मारली, तिथल्या पासपोर्टाचा रंग राखाडी. पण एस्टोनियाने निदान नगरपालिकेचे मत दिले. लाटव्हियाने तेही दिले नाही.

१९९४ च्या कायद्याने नागरिकत्वाचा मार्ग उघडला, तोही टप्प्याटप्प्याने. वयोगटांच्या 'खिडक्या' ठरल्या: आधी तिथेच जन्मलेली १६ ते २० वर्षांची मुले, मग पुढचा गट, आणि बाहेर जन्मलेले म्हातारे सर्वांत शेवटी. हेगमध्ये बसलेले, युरोपीय सुरक्षा आणि सहकार्य संघटनेचे अल्पसंख्याकविषयक उच्चायुक्त, नेदरलँड्सचे माजी परराष्ट्रमंत्री मॅक्स फान डेर स्टुल, रीगाला पत्रांमागून पत्रे लिहीत होते. १९९७ मध्ये युरोपीय आयोगाने वाटाघाटींसाठी एस्टोनियाला बोलावले आणि लाटव्हियाला वगळले, तेव्हा त्या पत्रांना वजन आले. ३ ऑक्टोबर १९९८ च्या सार्वमतात सुमारे ५३ टक्क्यांनी खिडक्या रद्द झाल्या आणि स्वातंत्र्यानंतर जन्मलेल्या मुलांना पालकांनी नोंदणी केल्यास नागरिकत्व देण्याचे ठरले. इथपर्यंत बाहेरचा दबाव कामाला आला, हे मान्यच करावे लागते.

पण त्याच १९९८ मधली दुसरी एक घटना पाहा. निवडणुकीला उभे राहायचे तर लाटव्हियन भाषेचे वरच्या पातळीचे प्रमाणपत्र लागे. दाउगाव्हपिल्स या रशियनबहुल शहरातल्या एका महिला उमेदवाराकडे ते होते. तरी राज्यभाषा केंद्राची परीक्षक तिच्या कामाच्या जागी येऊन थडकली आणि तिने बोलता बोलता चाचणी सुरू केली. त्या पक्षालाच पाठिंबा का देता, असाही एक प्रश्न होता. दुसऱ्या दिवशी परीक्षक तीन साक्षीदार घेऊन आली आणि निबंध लिहायला सांगितला. त्या बाईंनी घाबरत चार ओळी लिहिल्या, मग कागद फाडून टाकला. नाव यादीतून कटले. स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने एप्रिल २००२ मध्ये निकाल तिच्या बाजूने दिला आणि पुढच्याच महिन्यात संसदेने ती अट काढून टाकली. एवढी चपळाई न्यायालयाच्या धाकाने आली नव्हती. नोव्हेंबरात प्रागला नाटोची बैठक होती आणि निमंत्रण हवे होते.

युरोपीय संघात जायचे की नाही यावर २० सप्टेंबर २००३ रोजी सार्वमत झाले. सुमारे ६७ टक्क्यांनी होकार दिला. ज्यांच्या हक्कांच्या नावाने इतकी वर्षे अटी घातल्या गेल्या, त्या अनागरिकांना, म्हणजे लोकसंख्येच्या जवळजवळ एक पंचमांश माणसांना, या प्रश्नावर मत देता आले नाही. मला या साऱ्या प्रकरणातली सर्वांत बोलकी गोष्ट हीच वाटते, आणि ब्रसेल्समध्ये तिची फारशी कोणाला खंत वाटल्याचे दिसले नाही.

पुढचे सारे त्यातूनच आले. मे २००४ मध्ये प्रवेश, सप्टेंबरमध्ये रशियन माध्यमिक शाळांत ६० टक्के विषय लाटव्हियनमधून. १९९८ च्या शिक्षण कायद्यात तर पूर्ण लाटव्हियन माध्यमच ठरले होते. रस्त्यावर मोर्चे निघत असताना ते ६०-४० वर आले. म्हणजे जी काही सूट मिळाली ती मोर्चांच्या गलक्यात, कारण मतपेटीचा रस्ता बंद होता. २०१८ मध्ये प्रमाण आणखी वाढवले आणि २०२३ पासून सरकारी अनुदानाच्या शाळांतून रशियन माध्यम टप्प्याटप्प्याने संपवायला सुरुवात झाली. कोणी हटकले? अहवाल निघाले. अहवाल निघतच असतात.

याला रीगातून एक ठरलेले उत्तर मिळते: रशियन भाषकांच्या 'सस्कान्या', म्हणजे सुसंवाद या पक्षाने पुतिन यांच्या पक्षाशी सहकार्याचा करार केला होता, अशांना सत्तेत कसे घ्यायचे? करार २००९ चा, खरा. आणि तो करणाऱ्यांनी स्वतःच्या मतदारांचे नुकसान केले, यातही शंका नाही. पण हा पक्ष २०११, २०१४ आणि २०१८ या तिन्ही निवडणुकांत पहिल्या क्रमांकावर आला आणि एकदाही मंत्रिमंडळात गेला नाही. पहिल्या क्रमांकाला कायम दाराबाहेर बसवायचे हा इतर सर्व पक्षांतला अलिखित करार होता. त्याचे नेते नील्स उशाकोव्हस रीगाचे महापौर दहा वर्षे होते, मग त्यांचे तेवढेच राज्य. २०२२ मध्ये पक्षाने युक्रेनवरच्या हल्ल्याचा निषेध केला, तेव्हा एका बाजूचे मतदार रागावले आणि दुसरी बाजू कधी आपली नव्हतीच. पक्ष पाच टक्क्यांच्या खाली जाऊन संसदेतून बाहेर पडला. मॉस्कोशी अंतर राखणाऱ्याला रीगात काही मिळत नाही, हा धडा त्या मतदाराला इतक्या वर्षांत पुन्हा पुन्हा दिला गेला होता.

या धोरणाचे फळ २०२२-२३ मध्ये दिसले. अनागरिकपणाला कंटाळून मधल्या काळात हजारो वृद्धांनी रशियाचे नागरिकत्व घेतले होते. राजकारणापेक्षा त्यामागे पेन्शनचा हिशेब होता, रशियात निवृत्तीचे वय कमी होते. युद्ध सुरू झाल्यावर लाटव्हियाने कायदा बदलला: अशा रशियन नागरिकांनी ७५ वर्षांखालील असल्यास लाटव्हियनची प्राथमिक परीक्षा द्यायची, नाहीतर राहण्याचा परवाना जाईल. सत्तरीतल्या आजीबाई वह्या-पेन्सिली घेऊन रीगातल्या परीक्षा केंद्रांवर रांगेत उभ्या राहिल्या. त्यांना कोणी रशियन केले, हा प्रश्न राज्याने स्वतःला विचारायला हवा. १९९१ मध्येच नागरिकत्व दिले असते तर त्यांतल्या बहुतेकींना मॉस्कोच्या पासपोर्टाची गरजच पडली नसती.

एक गोष्ट लाटव्हियाच्या बाजूने. २०२० पासून तिथे जन्मलेल्या अनागरिकांच्या मुलांना आपोआप नागरिकत्व मिळते. राष्ट्राध्यक्ष एगिल्स लेव्हिट्स यांनी ते पुढे रेटले, बाहेरून कोणाची सक्ती नव्हती. पण त्याचा लाभ होणारी मुले वर्षाला मोजकीच उरली होती, म्हणून विरोधही मावळला होता.

आता स्लोव्हाकियाकडे या. तिथे हंगेरियन भाषक सुमारे दहा टक्के, बहुतेक दक्षिणेच्या डॅन्यूबकाठच्या पट्ट्यात, आणि सर्वांना पहिल्यापासून नागरिकत्व आणि मत. व्लादिमिर मेचियार यांच्या सरकारने १९९५ चा राज्यभाषा कायदा केला आणि हंगेरियन शाळांत मुलांना वर्षानुवर्षे मिळत आलेले द्विभाषी प्रगतिपुस्तक १९९७ मध्ये बंद केले. प्रगतिपुस्तकावरून शिक्षक, मुख्याध्यापक आणि पालक असे सारे सरकारशी भांडले. मुलाला गणितात किती मिळाले हे आजीला तिच्या भाषेत वाचता यावे, एवढाच मुद्दा. त्याच वर्षी युरोपीय आयोगाने स्लोव्हाकियाला राजकीय निकषांवर नापास केले; असा शेरा मिळालेला उमेदवारांतला तो एकच देश.

१९९८ मध्ये मेचियार गेले आणि मिकुलाश द्झुरिंदा यांच्या आघाडीत हंगेरियन आघाडीचा पक्ष सामील झाला. इथे संख्या नीट पाहाव्यात. दीडशेच्या सभागृहात हंगेरियन पक्षाचे १५ सदस्य धरून आघाडी ९३. त्यांना वगळले तरी ७८, म्हणजे साधे बहुमत होतेच. हंगेरियन हवे होते ते घटनादुरुस्तीसाठी लागणाऱ्या ९० साठी, आणि ब्रसेल्सला दाखवण्यासाठी. द्विभाषी प्रगतिपुस्तक परत आले. जुलै १९९९ मध्ये अल्पसंख्याक भाषांचा कायदा झाला. २० टक्के वस्ती असलेल्या गावात आपल्या भाषेत अर्ज करता येईल अशी तरतूद झाली. गंमत अशी की सरकारमध्येच असलेल्या हंगेरियन पक्षाने या कायद्याला विरोध केला, कारण त्यांच्या मागण्या त्यात नव्हत्या. कायदा ज्यांच्यासाठी होता त्यांना तो अपुरा वाटत होता, पण ज्यांना दाखवायचा होता त्यांना पुरेसा वाटला.

२००२ च्या निवडणुकीनंतर चित्र पालटले. आघाडी एकूण ७८ ची, त्यात हंगेरियन पक्षाचे २०. ते उठले तर सरकार पडणार. याच कारकिर्दीत कोमार्नो इथे हंगेरियन माध्यमाचे सेल्ये यानोश विद्यापीठ २००४ साली उभे राहिले. कुठल्याही युरोपीय अहवालाने इतके दिले नसते.

मग सरकार बदलले, २००६ मध्ये रॉबर्ट फित्सो यान स्लोटा यांच्या राष्ट्रवादी पक्षाला घेऊन आले, आणि २००९ मध्ये राज्यभाषा कायद्यात १०० ते ५,००० युरो दंडाची तरतूद घुसली. स्लोव्हाकिया तोवर संघात होता, नाटोत होता, युरो चलनही आलेले. कोणाकडे काही छडी उरलीच नव्हती. २०१० मध्ये पुन्हा हंगेरियन-स्लोव्हाक 'मोस्त-हिद' पक्ष सत्तेत आला, तेव्हा दंड सौम्य झाला आणि २० टक्क्यांची अट १५ वर आणली गेली. त्याहून मजेशीर म्हणजे २०१६ मध्ये खुद्द फित्सो यांनी बेला बुगार यांच्या मोस्त-हिदला मंत्रिमंडळात घेतले, तेही जुन्या राष्ट्रवादी पक्षासोबत. बहुमत जुळत नव्हते, इतकेच. फित्सोंचे हृदयपरिवर्तन झाले असे कोणी समजू नये. आणि समजण्याची गरजही नाही. लोकशाहीत गणित जुळले की बरेच काही होते. २०२० मध्ये हंगेरियन पक्ष आपापसात फुटून संसदेबाहेर गेले, आणि त्यांचे प्रश्न पुन्हा मागे पडले आहेत.

१५ टक्क्यांची ही रेघ बेळगावकडच्या वाचकाला अनोळखी वाटणार नाही. आपल्याकडेही भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाच्या योजनेत ज्या भागात १५ टक्के वस्ती आहे तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेत द्याव्यात असे ठरलेले आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने भाषिक अल्पसंख्याकांसाठी खास अधिकारीही नेमला. मराठी परिपत्रके मागण्यासाठी बेळगावात आजही निवेदने द्यावी लागतात. महाराष्ट्र एकीकरण समितीचे आमदार विधानसभेत होते तेव्हाही बंगळूरचे कोणते सरकार त्यांच्यावाचून अडले नाही, आणि २०१८ व २०२३ मध्ये तर एकही निवडून आला नाही. योजना तीच, अधिकारी तोच. कोमार्नो आणि बेळगाव यांतला फरक विधिमंडळातल्या त्या २० खुर्च्यांचा आहे.

रोमानियात हेच घडले. मार्च १९९० मध्ये तर्गु मुरेशच्या रस्त्यांवर रोमानियन आणि हंगेरियन एकमेकांवर तुटून पडले होते, माणसे मेली होती. क्लुजचे महापौर गेओर्गे फुनार यांनी शहरातली बाकडीसुद्धा राष्ट्रध्वजाच्या लाल-पिवळ्या-निळ्या रंगात रंगवली, हंगेरियनांनी बसताना लक्षात ठेवावे म्हणून. १९९६ मध्ये हंगेरियन संघटना सरकारात गेली आणि त्यानंतर बुखारेस्टमधल्या बहुतेक सरकारांना तिची कधी आतून, कधी बाहेरून मदत घ्यावी लागली. द्विभाषी पाट्या, कचेऱ्यांतली भाषा, शाळा हे सारे हळूहळू, भांडतभांडत आले.

या युक्तिवादाला लंगडे करणारे उदाहरण बल्गेरियाचे, आणि ते टाळून चालणार नाही. तिथल्या तुर्कांची नावे १९८४-८५ च्या हिवाळ्यात सरकारने सक्तीने बदलली, १९८९ च्या उन्हाळ्यात तीन लाखांहून जास्त लोक सामान डोक्यावर घेऊन तुर्कस्तानात गेले. १९९० मध्ये अहमद दोगान यांनी पक्ष काढला, घटनेत वांशिक पक्षांना बंदी असूनही तो न्यायालयात थोडक्यात वाचला, आणि पुढे तो सरकारे बनवणारा-पाडणारा पक्ष झाला. हक्क टिकले, हिंसा टळली. युगोस्लाव्हियाच्या शेजारी ही लहान गोष्ट नाही. पण काळाच्या ओघात पक्ष मक्तेदारांचा अड्डा झाला. त्याचे पुढारी देल्यान पेयेव्हस्की यांच्यावर २०२१ मध्ये अमेरिकेने भ्रष्टाचाराच्या आरोपावरून निर्बंध घातले. तंबाखू पिकवणारा तुर्की शेतकरी मत देतो, बदल्यात सोफियात मूठभर लोक कंत्राटे घेतात. म्हणजे सत्तेतला वाटा पुरेसा नाही. तरीही मला वाटते, आपल्या चोर पुढाऱ्याला पाडण्याची सोय त्या शेतकऱ्याकडे आहे. जांभळ्या पासपोर्टवाल्याकडे तीही नव्हती.

सर्वांत वाईट गत रोमा (पूर्वी ज्यांना 'जिप्सी' म्हणत) लोकांची झाली. त्यांना मत आहे, पण ते विखुरलेले आहे. पाठीशी कुठलाही देश उभा नाही, जसा हंगेरियनांच्या मागे बुडापेस्ट होता. स्लोव्हाकियात २०११ च्या जनगणनेत स्वतःला रोमा म्हणवणारे आणि अभ्यासकांनी वस्तीवस्तीत जाऊन काढलेला अंदाज यांत जवळजवळ चौपटीचे अंतर पडले. इतके लोक आपली ओळख नोंदवायलाच तयार नव्हते. चेकोस्लोव्हाकिया फुटल्यावर १९९३ मध्ये चेक नागरिकत्वासाठी पाच वर्षांत गुन्ह्याची नोंद नसल्याची अट घातली गेली, आणि पिढ्यान्‌पिढ्या प्रागमध्ये किंवा ओस्त्राव्हात राहणारे हजारो रोमा एका रात्रीत परके झाले. ती अट पुढे सैल झाली, तीही बाहेरून बोंब झाल्यावर. १९९९ मध्ये उस्ती नाद लाबेम शहरातल्या मातिच्नी रस्त्यावर पालिकेने रोमांच्या इमारतींसमोर चक्क भिंत बांधली. जगभर छायाचित्रे गेली, प्रागने पैसे मोजले, सहा आठवड्यांत भिंत पाडली. ते पैसे काही अंशी कशासाठी गेले? रोमा शेजार नको म्हणणाऱ्यांची घरे विकत घेण्यासाठी. भिंत पडली आणि शेजारीही निघून गेले.

ओस्त्राव्हाच्या शाळांचे प्रकरण तर बाहेरच्या न्यायाची मर्यादा दाखवणारा धडाच आहे. तिथे रोमा मुलांना बौद्धिकदृष्ट्या मंद मुलांच्या 'विशेष शाळां'त पाठवत. अर्जदारांनी मांडलेल्या आकड्यांनुसार इतरांपेक्षा रोमा मूल तिथे जाण्याची शक्यता २७ पट होती. अठरा मुले स्ट्रासबुर्गपर्यंत गेली. एकदा हरली, मग १३ नोव्हेंबर २००७ रोजी मोठ्या पीठापुढे १३ विरुद्ध ४ मतांनी जिंकली. प्रत्येकाला चार हजार युरो. निकाल लागेपर्यंत ती मुले मोठी झाली होती, आणि विशेष शाळांचे नाव बदलून 'व्यावहारिक शाळा' झाले होते. इमारती आणि बहुतेक विद्यार्थी तेच. युरोपीय आयोगाने चेक सरकारविरुद्ध कारवाईची नोटीस काढली ती २०१४ मध्ये. प्रवेशाला दहा वर्षे झाली होती. पहिलीत बसलेले रोमा मूल तेवढ्यात शाळा सोडून कामाला लागते.

इथे लोक म्हणतात की मग मतांचे राजकारण निरुपयोगीच, न्यायालय हाच आधार. मी उलट म्हणेन: रोमांना मत आहे, प्रतिनिधी नाही, म्हणून निकालाची अंमलबजावणी करायला लावणारा कोणी नाही. स्लोव्हेनियाने २००२ मध्ये वीस नगरपालिकांत रोमांसाठी एकेक जागा ठेवली आणि त्या जागेसाठी मत फक्त रोमांचे. पुणे कराराच्या महाराष्ट्रात, स्वतंत्र मतदारसंघ हवा की राखीव जागा पण सर्वांचे मत, हा वाद आपल्या आजोबा-पणजोबांनी घातलेला आहे. स्लोव्हेनियाने बाबासाहेबांची १९३२ ची मूळ मागणी नगरपालिकेच्या पातळीवर मान्य केली असे म्हणायला हरकत नाही. एक नगरसेवक फार काही करीत नाही. पण नळ कुठे टाकायचा याची चर्चा त्याच्यासमोर होते.

आता युक्रेन. लाटव्हियात सर्वांना नागरिकत्व दिले असते तर देश मॉस्कोच्या खिशात गेला असता, असे म्हणणाऱ्यांना युक्रेनकडे बोट दाखवता येते आणि मलाही. १९९१ मध्ये कीवने तिथे राहणाऱ्या सर्वांना सरसकट नागरिक केले. त्याच मतदारांतून २०१० मध्ये रशियाकडे झुकलेले यानुकोविच राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, हे खरे. २०१४ मध्ये क्रिमिया आणि दोन्बासचा काही भाग गेला, तेही खरे. पण २०२२ मध्ये रशियन बोलणाऱ्या खार्किव्हने रशियन रणगाड्यांना शहरात टिकू दिले नाही, आणि ज्याच्या नेतृत्वाखाली देश लढतो आहे तो राष्ट्राध्यक्षही रशियनभाषक घरातला. मत देणाऱ्याचे देशाशी काहीतरी नाते जडते. ते नेहमी पुरते असे नाही, पण मत न देणाऱ्याचे जडतच नाही.

जून २०२२ मध्ये उमेदवारीचा दर्जा मिळाल्यापासून कीवने अल्पसंख्याकांचा कायदा केला, तो दुरुस्त केला, डिसेंबर २०२३ मध्ये युरोपीय संघाच्या भाषांतून शिक्षणाची सोय वाढवली आणि रशियनला त्यातून वगळले. युद्ध चालू असताना याबद्दल युक्रेनला दोष देणे मला जमणार नाही. हंगेरीच्या ऑर्बान सरकारने पश्चिम युक्रेनमधल्या झाकारपात्त्याच्या दीडेक लाख हंगेरियनांच्या नावाने वाटाघाटी अडवून धरल्या, तेव्हा ब्रसेल्स पुन्हा शाळांच्या तासांची टक्केवारी मोजू लागले. १९९८ मधला लाटव्हिया आठवावा असाच हा प्रकार.

यापेक्षा दोन गोष्टी आधी व्हाव्यात. रोमानिया आणि बल्गेरिया २००७ मध्ये आत आले तेव्हा न्यायव्यवस्था आणि भ्रष्टाचार यांवर प्रवेशानंतरही लक्ष ठेवण्याची यंत्रणा लावली होती. ती २०२३ मध्ये औपचारिकपणे बंद झाली. सोळा वर्षे चाललेल्या त्या यंत्रणेत रोमा शाळांचा किंवा भाषेचा रकाना नव्हता. कीव आणि मोल्दोव्हाची राजधानी किशिनाऊ यांच्याशी करार करताना तो घालता येतो, त्यासाठी नवे काही शोधायला नको. आणि दुसरी, झाकारपात्त्यातल्या बेरेहोवे शहराभोवतीची हंगेरियन गावे एकाच मतदारसंघात असावीत ही तिथली जुनी मागणी. कीव ती देशाच्या एकतेचे कारण सांगून टाळत आले आहे. एक मतदारसंघ दिल्याने युक्रेन फुटत नाही. उलट त्या गावांचा माणूस कीवच्या संसदेत बसला तर बुडापेस्टला त्यांच्या वतीने बोलायला फारशी जागा राहत नाही.